उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जाताना: सुट्टी तुमची, संसार त्यांचा

उन्हाळ्यात घरी जायचं ठरलं की आपण आधी तिकीट काढतो, मग बॅगा भरतो आणि कोणाला कधी भेटायचं याचा विचार वाटेत खिडकीशी बसून करतो. परतताना मग एकेक आठवत जातं. मावशीकडे जायचं राहिलं, शाळेतला मित्र नेमका त्याच आठवड्यात बाहेर होता, आईशी निवांत असं बोलणं झालंच नाही. सुट्टी आपली असते. ज्यांच्याकडे जातो त्यांची नसते, एवढं लक्षात न घेतल्याने हे होतं. वडिलांची दुपारची झोप, भावाची नोकरी, वहिनीची सकाळची धावपळ, कोणाच्या तरी दवाखान्याच्या फेऱ्या, हे सगळं तिथे चालूच असतं आणि त्यात आपण चार माणसं नि सहा डाग घेऊन उतरतो. त्यामुळे आखणीची सुरुवात त्यांच्या दिवसापासून करायची.

तारीख ठरवण्याआधी दोन फोन

तिकिटाआधी घरी दोन वेगवेगळे फोन करा. पहिला आईवडिलांना, कारण तो मानाचा. दुसरा त्या घराचं रोजचं सगळं जो कोणी बघतो त्याला: बहीण, वहिनी, भाऊ, सोबत राहणारी आत्या, कोणीही. आईवडील म्हणणार, 'केव्हाही या, विचारता काय!' हे उत्तर प्रेमाचं आहे, पण त्यावरून तिकीट काढता येत नाही. खरी माहिती दुसऱ्या फोनवर मिळते.

तिथे मोघम विचारू नका. त्या महिन्यात डॉक्टरांच्या कोणत्या तारखा आहेत? पोरांच्या परीक्षा कधी संपतात? घरात रंगकाम, गळती, पाण्याची टंचाई असं काही चालू आहे का? दुसरं कोणी येणार आहे का? आणि आम्ही झोपायचं कुठे? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण उत्तर आधी कळलेलं बरं. नाहीतर आजी आपला पलंग सोडून खाली अंथरूण घालते आणि कोणाला कळूही देत नाही. जागा खरोखरच कमी असेल तर जवळ कुठे मुक्काम करावा. त्यात अपमान कोणाचाच नाही. मात्र हे याच फोनवर सांगायचं, सामान घेऊन दारात उभं राहिल्यावर नाही.

भावंडंही त्याच सुमारास येणार असतील तर सगळ्यांनी पूर्ण मुक्काम एकत्र करण्यापेक्षा मधले दोनतीन दिवस एकत्र येतील अशा तारखा जुळवाव्या. सगळं घर एकदा भरतं, आणि प्रत्येकाला आईवडिलांबरोबर थोडे शांत दिवसही मिळतात. दहाबारा जणांचं रोज दोन वेळा करायचं म्हणजे स्वयंपाकघरात असणाऱ्याला त्या गोतावळ्याचा आनंद बाहेरून नुसता ऐकूच येतो.

परदेशातून येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. उत्तर गोलार्धातल्या बऱ्याच देशांत उन्हाळा जून ते ऑगस्ट, दक्षिणेत डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि मोसमी पावसाच्या प्रदेशांत कडक ऊन पावसाच्या आधी पडतं. तुमच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागते तेव्हा घराकडे पाऊस असेल, थंडी असेल किंवा तिथल्या शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतील. भाचरं सकाळी सातला दप्तर घेऊन निघाली आणि तुमची मुलं दिवसभर एकटीच बसली, असं होऊ नये म्हणून तिथलं शाळेचं वेळापत्रक मागवून घ्या.

दिवसांऐवजी अर्धे दिवस मोजा

'दहा दिवस आहेत, सगळ्यांना भेटू' हा हिशेब कधीच जमत नाही. दहातला पहिला आणि शेवटचा प्रवासात जातो. उरलेल्या आठांचे सोळा अर्धे दिवस होतात: एक सकाळचा, एक संध्याकाळचा. दुपार धरायचीच नाही. उन्हात बारा ते चार कोणाकडे जाणं तुम्हालाही नको असतं आणि त्यांनाही.

या सोळांपैकी निम्मे सरळ घरासाठी ठेवा. 'घरासाठी' म्हणजे त्या वेळात काहीही ठरलेलं नाही. वडिलांबरोबर बाजारात चक्कर, आईने कपाट आवरायला काढलं तर तिच्याशेजारी बसणं, यातच खरी भेट होते आणि ती ठरवून होत नाही. दोन अर्धे दिवस कामांना: बँक, कागदपत्रं, दुरुस्त्या. उरले सहा. म्हणजे बाहेरच्या भेटी सहा. हा आकडा पाहून जीव थोडा थोडा होतो, पण तो जाण्याआधी कळलेला चांगला.

आता माणसांची यादी काढा आणि प्रत्येक नावापुढे एवढंच लिहा: यांच्याकडे जायलाच हवं, हे आपल्याकडे येऊ शकतील, की हे चौघांत एकत्र भेटले तरी चालेल. जे आजारी आहेत, वयाने थकले आहेत, घराबाहेर पडू शकत नाहीत, ते पहिल्या गटात. त्यांच्या भेटी मुक्कामाच्या पूर्वार्धात ठेवा. अशा भेटी पुढे ढकलल्या जातातच, कोणाला बरं नसतं, कोणाकडे अचानक पाहुणे येतात. पुढे ढकलायला मागे दिवस शिल्लक लागतात. शेवटच्या संध्याकाळी ठेवलेली भेट बॅगा भरण्यात बुडते.

चुलते, मामा, लांबचे नातेवाईक यांच्यासाठी एक संध्याकाळ ठरवून सगळ्यांना एकत्र बोलवावं. प्रत्येक घरी स्वतंत्र जाण्यात मान राखला जातो हे खरं, पण पंधरा मिनिटं बसून घड्याळाकडे बघत उठण्यात तो राखला जातो असं मला वाटत नाही. निमंत्रण मात्र प्रत्येकाला वेगळं द्या, स्वतः बोलून. गटावर टाकलेला एक निरोप कोणालाच आपला वाटत नाही.

नवराबायकोची दोन घरं असतील तर वाटणी घरून निघण्याआधी करा आणि दोन्ही घरांना एकाच दिवशी तेच आकडे सांगा. नुसत्या रात्री मोजून भागत नाही. चार रात्री मुक्काम केला पण दिवसभर बाहेरच हिंडत राहिलात, तर सासर असो वा माहेर, त्या घराला त्या चार वाटत नाहीत.

शरीराला गावाची सवय राहिलेली नसते

मायदेशी आप्तांना भेटायला जाणारे प्रवासी हा प्रवासातल्या आजारांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी वेगळा काढलेला गट आहे. पर्यटकांच्या मानाने या लोकांना मलेरिया, विषमज्वर यांसारखे आजार जास्त होतात. पर्यटक जाण्याआधी डॉक्टरांना विचारतो; घरी जाणारा म्हणतो, 'मी तिथेच वाढलो, मला काय होणार?' पण मलेरियाविरुद्धची अर्धीमुर्धी प्रतिकारशक्ती त्या भागातून बाहेर पडल्यावर ओसरत जाते, आणि बाहेर जन्मलेल्या मुलांकडे ती नसतेच. त्यातून मुक्काम लांबतो आणि पाणी-जेवण घरचंच, म्हणून सावधगिरी सुटते.

म्हणून निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. उशीर झाला असेल तरी जा. विषमज्वराची टोचून देण्याची लस निदान दोन आठवडे आधी घ्यावी लागते, पण इतर सल्ला शेवटच्या आठवड्यातही उपयोगी पडतो. मुलांच्या नेहमीच्या लसी, विशेषतः गोवराची, पूर्ण झाल्या आहेत का हेही पाहून घ्या.

उन्हाचंही असंच आहे. थंड हवेतून आलेल्या शरीराला उष्णतेशी जुळवून घ्यायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणजे छोट्या सुट्टीत ते पुरतं जुळतच नाही. लहानपणी भर दुपारी खेळलात, ते शरीर आता राहिलेलं नाही.

सामान आणि कागद, थोडक्यात

औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि परतीला उशीर झाला तर पुरतील अशी आठवडाभराची जास्त. ती हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन तर विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत मुळीच नको, कारण तिथे ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या. उन्हात उभ्या गाडीत पिशवी विसरली तर आतलं औषध फेकायच्या लायकीचं होतं.

पॉवर बँकही हातातल्याच बॅगेत. विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची वेगळ्या परवानगीशिवाय चालते. २०,००० मिलिअँपिअर-तासांची नेहमीची बँक ३.७ व्होल्टने गुणली तर ७४ वॅट-तास भरते, म्हणजे मर्यादेत. ती उड्डाणात वापरायला मात्र अनेक विमान कंपन्या आता मनाई करतात. परदेश प्रवास असेल तर पासपोर्टची मुदत बघा, कारण बऱ्याच देशांना प्रवेशाच्या वेळी सहा महिने शिल्लक लागतात. आईवडिलांपैकी एकच जण मुलाला घेऊन निघणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र सोबत असू द्या.

भेटवस्तूंवर फार वेळ घालवू नका. ज्यांना खरंच काही हवं आहे त्यांना विचारून तेवढंच आणा: चष्म्याची दोरी, मोठ्या अक्षरांचं घड्याळ, गुडघ्याचा पट्टा. कपाटात आधीच्या भेटी अजून वेष्टनातच असतात.

आणि ताप-खोकला असेल तर जाणं पुढे ढकला. ऐंशीच्या आजीसाठी तुमची सर्दी साधी नसते.

प्रवासात

चार तासांहून लांब प्रवासात एकाच जागी बसून पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. तासा-दोन तासांनी उठून चाला, बसल्याबसल्या टाचा वर-खाली करा, पाणी पीत राहा. पूर्वी गुठळी झाली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा दिवस गेले असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. टाइम झोन ओलांडत असाल तर शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एका तासाने सरकतं आणि पूर्वेकडे जाताना जास्त त्रास देतं. पाच तासांचा फरक असेल तर पहिल्या दोनतीन दिवसांत कोणाकडे जेवणाचं ठरवू नका; ताटावर डुलक्या घेणारा पाहुणा यजमानाला कोड्यात पाडतो.

पहिला दिवस: आधी बॅगा भिंतीला

घरात शिरल्यावर काय होतं ते आठवा. मधल्या खोलीत बॅगा उघडतात, चार्जरच्या वायरी पसरतात, दाराशी चपलांचा ढीग, मुलांची खेळणी चालण्याच्या वाटेवर. त्याच वाटेने रात्री दोन वाजता वडील अंधारात, दिवा न लावता, बाथरूमला जातात. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांच्या पायांना ती वाट ठाऊक आहे, आणि आज तिच्यात एक उघडी बॅग आहे. म्हातारपणात पडणं म्हणजे कधीकधी खुब्याचं हाड. पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट मोकळी करणं आणि तिथे एक मंद दिवा लावणं, हे आल्या संध्याकाळचं पहिलं काम.

दुसरं, एक काम अंगावर घ्या. 'मी काही मदत करू का?' असं रोज विचारू नका. त्या प्रश्नाला उत्तर शोधणं हेही घरच्या बाईच्या डोक्याला कामच, आणि उत्तर ठरलेलं: 'नको, तू बस.' त्याऐवजी पहिल्याच रात्री जाहीर करा की रात्रीची भांडी मुक्काम संपेपर्यंत माझी. किंवा सकाळचं पिण्याचं पाणी भरणं माझं. काम लहान असलं तरी चालेल, ते पूर्ण तुमचं हवं.

खर्चाचंही तसंच. चार माणसं दहा दिवस राहिली की वीज, गॅस, किराणा सगळं वाढतं. निघताना आईच्या मुठीत पैसे कोंबण्याचा आणि तिने ते परत नातवाच्या खिशात घालण्याचा खेळ गोड असला, तरी वाढीव बिल भावाच्याच गळ्यात पडतं. पहिल्या दिवशी किराणा स्वतः जाऊन भरा, किंवा त्या महिन्याचं एक बिल परस्पर चुकतं करा.

ऊन आणि घरातली वयस्कर माणसं

वय वाढतं तशी तहान कमी लागते. शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं आणि माणूस खरंच सांगत असतो की 'मला तहान नाही.' रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, उन्हाळ्यात आणखी भर घालतात. म्हणून विचारायचं नाही. पेला भरून हातात द्यायचा. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असेल तर डॉक्टरांचंच प्रमाण पाळा.

खूप घाम गेला किंवा जुलाब झाले तर क्षारसंजीवनीचं पाकीट उत्तम. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका. जास्त झालं तर लहान मुलांना अपाय होतो. सहा महिन्यांखालच्या, आईच्या दुधावरच्या बाळाला कडक उन्हाळ्यातही वेगळं पाणी लागत नाही. यावर घरातल्या मोठ्यांशी वाद होण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा बाळाच्या डॉक्टरांचं नाव पुढे करा आणि स्वतः बाजूला व्हा.

हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा शरीर थंड करण्याऐवजी तापवू शकतो. तेव्हा ओलं फडकं, अंगावर पाण्याचा शिडकावा आणि सकाळी लवकर बंद केलेले पडदे जास्त कामाचे. बंद गाडीत कोणालाही, अगदी पाच मिनिटांसाठीही, ठेवू नका. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात उन्हात उभ्या गाडीतलं तापमान तासाभरात सुमारे २२ अंश सेल्सिअसने चढलं, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली, आणि काच थोडी उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही.

कोणी बरळू लागलं, चालताना झोकांड्या गेल्या, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात समजा. रुग्णवाहिका बोलवा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओतून वारा घाला. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

आईवडिलांशी, आजीआजोबांशी बोलणं

भरल्या घरात आजोबा गप्प बसलेत म्हणजे ते थकलेत असं आपण धरून चालतो. अनेकदा त्यांना नुसतं ऐकू येत नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने साठीपुढच्या चारातल्या एकाहून अधिक माणसांना त्रासदायक बहिरेपण असतं. आठ जणांच्या गलक्यात त्यांना शब्द वेगळे करता येत नाहीत. त्यांच्याशी बोलायचं ते टीव्ही बंद करून, समोर बसून, तोंडावर उजेड पडेल असं, एकेकट्याने. ओरडायची गरज नसते, सावकाश बोललं की पुरतं.

त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या मनात असेल तर ती दुपारची वेळ. फोन विमान मोडवर, दोघांच्या मध्ये, घडी घातलेल्या पंचावर ठेवा, म्हणजे टेबलाचे ठोके मुद्रित होत नाहीत. पंखा बंद करणं उन्हात शक्य नाही, पण फोन त्याच्या झोतात नको. अमेरिकेत २००३ पासून चालू असलेल्या स्टोरीकॉर्प्स या उपक्रमात ओळखीची दोन माणसं समोरासमोर बसून साधारण ४० मिनिटं बोलतात. घरीही तेवढाच वेळ धरावा. 'तुमच्या काळाबद्दल सांगा' या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर येतं. 'पहिल्या पगाराचं काय केलंत?', 'या घरात आधी कोणती खोली बांधली?', 'शाळेत जाताना वाटेत काय काय लागायचं?' अशा प्रश्नांना तासभर. तपशील चुकला तरी दुरुस्त करू नका. काकांना तो प्रसंग वेगळा आठवत असेल, तर त्यांचं वेगळं मुद्रित करा.

जुने फोटो काढले तर खिडकीजवळ, थेट ऊन न येणाऱ्या उजेडात ठेवून, फ्लॅशशिवाय टिपा. स्कॅन करणार असाल तर पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) चालतं, छोट्या फोटोंना ६०० घ्या. चिकट पानांच्या अल्बमात अडकलेले फोटो ओढून काढू नका, पानासकट टिपा. आणि एकेका फोटोत कोण कोण आहे ते आजीला विचारून मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

कामांचे जे दोन अर्धे दिवस ठेवले होते त्यांत एक गोष्ट जरूर करा: सगळ्या औषधांचे डबे टेबलावर मांडून एक यादी. नाव, प्रमाण, वेळ, कोणी दिलं, कशासाठी. एकच गोळी दोन नावांनी चालू असल्याचं अशा वेळीच सापडतं. यादीची एक प्रत त्यांच्या पाकिटात, एक भावंडांच्या फोनवर. फोन 'भरला' म्हणून अडला असेल तर गटांवर आलेले सुप्रभातचे व्हिडिओ पुसा. पण आधी त्यांना दाखवून.

मालमत्ता, मृत्युपत्र, कोणाकडे कोणी राहायचं हे विषय सगळे जमलेल्या संध्याकाळी काढू नका. ते बोलायला हवेतच, पण संबंधित माणसांनीच, दिवस आधी सांगून, आणि मुक्कामाच्या पहिल्या किंवा शेवटच्या दिवशी तर नक्कीच नाही.

जुने मित्र

मित्रांना निघण्याच्या दोनतीन आठवडे आधी लिहा. त्यांना नोकऱ्या आहेत, आणि सुट्टीत तेही आपापल्या घरी जातात.

बरीच वर्षं बोलणं नसेल तर हात अडतो. 'आता काय तोंडाने लिहू', 'त्याला आठवण तरी असेल का?' हे फक्त तुमचंच नाही. लारा अक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञांच्या २०२४ मधल्या अभ्यासात लोकांना जुन्या मित्राला संदेश लिहायला वेळ दिला होता, लिहायची इच्छाही त्यांना होती. तरी प्रत्यक्ष पाठवणारे एक तृतीयांशाहून कमी निघाले. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांच्या २०२२ मधल्या प्रयोगांत पलीकडची बाजू दिसते: असा अवचित आलेला संदेश मिळणाऱ्याला जितका आवडतो, तितका तो आवडेल असं पाठवणाऱ्याला वाटत नाही.

संदेशात इतक्या वर्षांची सफाई देत बसू नका. 'अमुक तारखांना मी घरी आहे. गुरुवारी किंवा शनिवारी संध्याकाळी सहाला जमेल का? तुझ्या घराजवळ येतो. नाही जमलं तरी हरकत नाही, फोनवर बोलू.' एवढं बस. दोन तारखा, एक वेळ, आणि नाही म्हणायची सोय. 'आलोय, भेटू कधीतरी' हा निरोप दोन्हीकडून विरून जातो.

सगळ्या टोळक्याला एकत्र भेटणं मजेचं असतं, पण त्या संध्याकाळी तेच चार जुने किस्से होतात आणि ज्याचं सध्या खरोखर काही बिनसलंय तो हसून साजरं करतो. तेव्हा एक बैठक सगळ्यांची आणि त्याशिवाय एका-दोघांशी वेगळी भेट, असं ठेवा. ती भेट चालता चालता झाली तर आणखी बरी. शेजारी शेजारी चालताना माणूस जे बोलतो ते समोरासमोर बसून बोलत नाही. दीड तास पुरतो. बायकामुलांसह भेटायचं की दोघांनीच, हे आधी विचारा, कारण दोन्ही भेटी अगदी वेगळ्या होतात.

जो गावातच राहिला त्याच्यासमोर 'इथे काहीच बदललं नाही' म्हणू नका, आणि 'किती बदललं सगळं' अशी हळहळही नको. तुम्ही गेल्यानंतर तिथली शाळा, रस्ता, दवाखाना यांच्याशी झगडत तो राहिला आहे. त्याला विचारा काय बदललं. सांगण्यासारखं पुष्कळ असतं. तुमच्याकडच्या पगाराचा आणि घराचा विषय तो काढेल तेव्हाच.

ज्याच्याशी भांडण होऊन बोलणं तुटलं त्याच्या दारात न सांगता उभं राहू नका. आधी दोन ओळी लिहा आणि उत्तर आलं नाही तर ते त्याचं उत्तर समजा. ज्याच्या घरी मधल्या काळात मृत्यू झाला त्याच्याकडे मात्र उशीर झाला तरी जावं, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोलावं. विषय टाळणं हे धीर देणं नव्हे.

मुलं

मुलांना नातेवाइकांची ओळख दारात करून देण्यापेक्षा निघण्याआधी फोटो दाखवून करून द्या: हा कोण, याला काय हाक मारायची, याचा कुत्रा चावत नाही. मिठी मारायची सक्ती करू नका, नमस्कार पुरे. भाषा अडत असेल तर चुलत-मामे भावंडांबरोबर एखादं काम द्या, झाडांना पाणी घालणं, पत्त्यांचा डाव मांडणं. बोलणं आपोआप सुटतं. एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर ती आजीला तोंडी सांगून भागणार नाही, फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावा. झोपेची आणि स्क्रीनची शिस्त थोडी सैल सोडावी. आजोबांचा लाडही सुट्टीपुरताच असतो.

निघण्याआधीचा दिवस आणि परतल्यावरचा आठवडा

आदल्या दिवशी बाहेरचं काहीच ठेवू नका. पांघरुणं-चादरी स्वतः धुऊन वाळत घाला. तुम्ही गेल्यावर चार जणांचं ते धुणं आईच्या वाट्याला येतं. हलवलेलं सामान जागेवर लावा, वाट मोकळी करताना सरकवलेली खुर्चीसुद्धा, कारण वडिलांचा हात अंधारात तीच शोधतो. मंद दिवा मात्र काढू नका. पुढची भेट कधी, हे अंदाजाने तरी बोलून ठेवा. 'बघू' पेक्षा 'दिवाळीत नाही जमणार, उन्हाळ्यात येतो' हे ऐकणाऱ्याला सोपं जातं.

परतल्यावर आठवडाभरात तीन गोष्टी हातावेगळ्या करा, नंतर त्या होत नाहीत. फोटो नावं टाकून पाठवा, आणि सगळ्यांना सगळे पाठवण्याऐवजी ज्याचे त्याला. ध्वनिमुद्रणाच्या प्रती दोन ठिकाणी ठेवा, एक भावंडाकडे. भेटींमध्ये जे कबूल केलं होतं, कोणाच्या मुलासाठी माहिती, कोणाला औषधाचं नाव, कोणाला एक फोन नंबर, ते यादीवरून बघून कळवा. मलेरियाच्या भागातून आल्यावर पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाबद्दल आपणहून सांगा. मलेरियाच्या गोळ्या दिल्या असतील तर परतल्यावरही सांगितलेल्या दिवसापर्यंत चालू ठेवा. काही गोळ्या एक आठवडा, काही चार आठवडे घ्याव्या लागतात.